गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी खोटी बदनामी झाली आणि पोलीस म्हणतात कोर्टात जा. मी काय करावे?

आपण लिहिले आहे की, गणेश मंडळाच्या वर्गणीचे पैसे आपण खाल्ले असा मजकूर गावातील एकाने व्हॉट्सॲप ग्रुपवर व फेसबुकवर टाकला, ठाण्यात गेलात तेव्हा कोर्टाचा रस्ता दाखवण्यात आला, आणि आता तो मजकूर कसा काढून घ्यावा, ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा होतो का, की सरळ गप्प बसावे, असा आपला प्रश्न आहे. यातील गप्प बसण्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण तो सल्ला मला ज्या आपुलकीने देण्यात आला, त्या आपुलकीचा राग अजून गेलेला नाही. तरी आधी ठाण्याचे पाहू.

पोलिसांनी आपल्याला टाळले असे समजू नका. त्यांनी सांगितले ते कायद्याला धरून आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालील गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या ४९९ व ५०० या कलमांत होता. दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा नव्या कायद्याप्रमाणे समाजसेवा, अशी शिक्षा त्याला आहे. परंतु तो अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची, नोंद मात्र आग्रहाने करून घ्या आणि तिची प्रत मागून घ्या, पुढे ती कामी येते. ‘आयटी ॲक्टचे ६६-अ लावा’ असे सांगणारा एखादा जाणकार प्रत्येक गावात असतो. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले, आणि ते प्रकरण आपल्याच राज्यात, पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून २०१२ मध्ये झालेल्या अटकेनंतर उभे राहिले होते. त्या जाणकाराला चहा पाजावा आणि पुढे जावे. १९३० या क्रमांकावर फोन करण्यातही अर्थ नाही. तो पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे.

आता माझे. यवतमाळ जिल्ह्यातील एका आठवडी बाजाराच्या गावात माझे कृषी केंद्र आहे. वडिलांनी सुरू केलेले दुकान मी चालवतो. २०२४ च्या खरिपात, जुलै महिन्यात, शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याचे सोयाबीन उगवले नाही आणि त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. त्याचे नुकसान खरे होते, त्याचा संतापही खरा होता आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आजही काही नाही. मजकूर लिहिला तो त्याने नाही. तो लिहिला त्याच्या नात्यातील एका तरुणाने, ज्याला येत्या निवडणुकीत उभे राहायचे होते आणि ज्याला तोवर कोणी ओळखत नव्हते. त्याने शेतातील मोकळ्या तासांचा, म्हणजे न उगवलेल्या पेरणीच्या ओळींचा, एक फोटो, बियाण्याच्या पिशवीचा एक फोटो आणि माझ्या दुकानाच्या पाटीचा एक फोटो एकत्र करून, या केंद्रातून बोगस बियाणे विकले जाते, केंद्राचा परवाना रद्द झाला आहे, शेतकरी बांधवांनी सावध राहावे, असा संदेश तालुक्यातील ग्रुपांवर सोडला. परवाना माझ्या खुर्चीमागे भिंतीवर तसाच लटकत होता.

पिशवीचा तो फोटो मी दुकान बंद झाल्यावर मोबाइलवर मोठा करून पाहिला. कोपऱ्यात निळा टॅग होता आणि त्यावरील लॉट नंबर, जरा अस्पष्ट असला तरी, शेवटचे आकडे सोडून वाचता येत होता. साठा रजिस्टर काढून खरिपाची सारी पाने तपासली, तर त्या मालिकेतील एकही लॉट माझ्याकडे कधी उतरलाच नव्हता. त्या शेतकऱ्याने माझ्याकडून खत नेले होते, पॉस मशीनवर अंगठा देऊन, आणि त्याची पावतीही होती. बियाणे त्याने दुसरीकडून घेतले होते. कुठून, हे मला ठाऊक आहे, पण ते मी तेव्हाही ग्रुपवर लिहिले नाही आणि येथेही लिहिणार नाही.

रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि परवान्याचा फोटो मी त्याच ग्रुपवर टाकला. त्याच्या खाली लगेच कोणाच्या तरी आजोबांना भावपूर्ण श्रद्धांजली आली, मग त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, मग एकाचा वाढदिवस निघाला. माझा कागद कोणी उघडून पाहिला असेल असे वाटत नाही. आरोप मात्र दुसऱ्या तालुक्यातून ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का घेऊन माझ्याच मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर पोहोचला.

दुकानदारीवर काय परिणाम होतो तो दुकानदारालाच दिसतो. ओळखीचे लोक बियाण्याची पिशवी हातात घेत, टॅग दोन्ही बाजूंनी वाचत, परत ठेवत आणि फक्त युरिया घेऊन जात. तोंडाने कोणीच काही बोलत नव्हते. ज्यांच्याकडे माझी मागील हंगामाची उधारी होती, त्यांना तो संदेश विशेष खरा वाटला. ‘भाऊ, पहिले तुमचं परवान्याचं निपटू द्या, मंग पाहू,’ असे एकाने मला भर बाजारात सांगितले.

या टप्प्यावर आमच्या घरातील वडीलधारे पुढे आले. माझे चुलत भाऊ निवृत्त शिक्षक आहेत, सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, आणि राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावातील बहुतेक भांडणे त्यांच्या बैठकीत बसून मिटली आहेत. बांधाची, पाण्याची, भावाभावांची भांडणे त्यांनी उत्तम मिटवली, हे मी कबूल करतो. त्यांनी मला सांगितले की शब्दाला शब्द लावू नये, लोक चार दिवसांत विसरतात, आणि गावातल्या पोराला कोर्टात ओढणे आपल्या घराला शोभत नाही. नंतर त्यांनी त्या तरुणाला आणि मला बैठकीत बोलावले, चहा झाला, तरुण माझ्या पाया पडला आणि म्हणाला, ‘चुकलं भाऊ, कोनं तरी सांगतलं अन् म्या टाकलं.’ जमलेल्या मंडळींनी सुस्कारा टाकला आणि प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. मी म्हटले की मिटले, फक्त हेच वाक्य ग्रुपवर लिही. त्यावर तो म्हणाला, ‘ग्रुपवर कसं लिहू? मायी इज्जत जाईल ना!’

आणि बैठकीतील एकालाही त्या उत्तरात काही वावगे वाटले नाही. माझे नाव तालुकाभर गेले ते ग्रुपवरून, आणि ते परत यावे गुरुजींच्या बैठकीत, दार लोटून, सात-आठ माणसांच्या देखत! मी उठून आलो. गुरुजींचे म्हणणे आजही असे आहे की मी त्यांचा शब्द मोडला. माझे म्हणणे आजही असे आहे की त्यांनी मिटवला तो त्यांच्या मनाचा त्रास. माझा होता तिथेच राहिला. बांधावरचे भांडण दोन शेतकऱ्यांत असते म्हणून ते दोघांना समोरासमोर बसवून मिटते. हजारो लोकांनी वाचलेले खोटे दोघांना बसवून मिटत नाही, कारण वाचणारे बैठकीत नसतात.

गुरुजींना यावर एक मुद्दा नेहमी सुचतो, तो असा की पोळ्याच्या झडत्यांमध्ये, म्हणजे त्या दिवशी म्हटल्या जाणाऱ्या टोमण्याच्या कवनांमध्ये, लोक आम्हाला काय काय म्हणतात, मग तेव्हा का नाही लागत? तर त्याचेही उत्तर येथे देऊन टाकतो. त्याच वर्षी, म्हणजे २ सप्टेंबरला, पोळ्याच्या तोरणाखाली एका गड्याने माझ्याकडे पाहून झडती म्हटली:

तिफन चाले तासोतास,
शेठचं बियानं खासमखास,
कोंब नाई दिसला, धनी बसला उदास,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

सगळे हसले, मीही हसलो, आणि संध्याकाळी तो बैल घेऊन दारी आला तेव्हा त्याला बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, नेहमीसारखाच दिला. त्याने मला टोमणा मारला, आणि तो माझ्या तोंडावर, सणाच्या दिवशी, साऱ्यांच्या देखत मारला. माझा परवाना रद्द झाला असे तो म्हणाला नाही. परवाना रद्द होणे ही घडलेली किंवा न घडलेली गोष्ट आहे, कृषी विभागाच्या कार्यालयात जाऊन ती कोणालाही तपासता येते, आणि न तपासता ती पसरवणाऱ्याला झडतीची सवलत मिळू नये. नागपूरकर बडग्या, म्हणजे टिंगलीचे पुतळे, काढून पुढाऱ्यांना वर्षानुवर्षे चिडवत आले आहेत, त्यावर कोणी कोर्टात गेले तर मी त्यालाच हसेन.

कोर्टाकडे जाण्यापूर्वी पुरावा नीट करा. बहुतेकांचे प्रकरण येथेच ढिले पडते. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ एका चौकटीत दिसेल असे फोटो घ्या, चॅट एक्स्पोर्ट करा, शक्य असल्यास ग्रुपमधील दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या मोबाइलवरही तोच संदेश जपून ठेवायला सांगा, कारण पाठवणारा तो सर्वांसाठी डिलीट करू शकतो. आणि रागाच्या भरात स्वतः ग्रुप सोडू नका. ज्या मोबाइलवर संदेश आला तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्याचे दोन भाग असतात, आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होते. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले, मात्र मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात हजर करून सिद्ध केले तर गोष्ट वेगळी, असेही सांगितले. म्हणून म्हणतो, तो मोबाइल सांभाळा, पडद्याला तडा गेला असला तरी.

माझ्या प्रकरणात पुरावा जमवल्यानंतर त्या तरुणाला वकिलामार्फत नोटीस गेली. तिला उत्तर आले नाही. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल केली. ही फिर्याद ज्याची बदनामी झाली त्यालाच करावी लागते, आपल्यावतीने मंडळाचा अध्यक्ष किंवा आपला भाऊ करू शकत नाही. नवा कायदा नुकताच लागू झाला होता, ठाण्यातील जमादारांनी एन.सी.वर आधी ५०० लिहून ते खोडले होते, आणि आमचे वकीलही जुने आणि नवे कलम शेजारी शेजारी मांडलेला तक्ता समोर ठेवूनच काम करत होते. त्या नव्या कायद्यातील एक तरतूद माझ्या उपयोगी पडली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे, खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. अनेक वकील या तरतुदीवर नाराज आहेत, कारण तिच्यामुळे वेळ जातो. माझ्या बाबतीत मात्र असे झाले की, शिक्षा, जामीन, उलटतपासणी यातील काहीही सुरू होण्याआधीच कोर्टाचा कागद त्या तरुणाच्या घरी गेला, त्याच्या वडिलांनी तो वाचून घेतला आणि तिसऱ्याच दिवशी ते माझ्या दुकानात येऊन बसले. गुरुजींच्या बैठकीत जे झाले नाही ते त्या एका कागदाने झाले, आणि हे मी गुरुजींना सांगितले आहे.

बदनामीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, त्यामुळे मिटवले. पण अटी मी सांगितल्या. माफीत कोणता संदेश, कोणत्या तारखेचा, हे लिहावे. परवाना रद्द झाला नव्हता आणि ते बियाणे या केंद्रातील नव्हते, ही दोन्ही वाक्ये स्पष्ट असावीत. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द नसावेत. आणि ज्या ग्रुपांवर त्याने संदेश टाकला त्या प्रत्येक ग्रुपवर त्याच क्रमांकावरून माफी टाकून ती तीस दिवस पिन करावी. वकिलांच्या कार्यालयात बसून मजकूर लिहिला गेला. पैसे मागितले नाहीत. आपणही पैशांपेक्षा या मजकुराच्या शब्दांवर अडून बसा, कारण समोरचा नेहमी ‘गैरसमज’ हा शब्द घालू पाहतो.

आपल्या प्रश्नाचा जो भाग राहिला तो असा. ॲडमिनवर सहसा गुन्हा होत नाही. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनला विनंती करून तो संदेश काढून घेणे एवढेच त्याच्याकडून मिळेल, आणि तेही पुरावा घेऊन झाल्यावरच मागा. फेसबुकवर आधी तेथेच रिपोर्ट करा, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवा, आणि निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपिलीय समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. पण वर्गणी खाल्ली की नाही याचा निवाडा कंपनी करत बसणार नाही; असा मजकूर बहुधा कोर्टाच्या आदेशानेच निघतो, आणि त्यासाठी दिवाणी दाव्यात मनाई हुकूम मागावा लागतो.

मुदतीकडे लक्ष द्या. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे आहेत, परंतु नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष आहे. गुरुजींसारखी माणसे नेमके हेच वर्ष समजुतीत घालवतात.

आता एक सावधगिरी, जी मी खरे तर आधी सांगायला हवी होती असे काही वाचक म्हणतील. कोणी आपल्याविरुद्ध अधिकाऱ्यांकडे सद्भावनेने तक्रार केली असेल तर ती बदनामी ठरत नाही, कायद्यातच तो अपवाद आहे. त्या शेतकऱ्याने पिशवी, टॅग आणि बिल घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे माझ्याविरुद्ध अर्ज दिला असता, पंचनामा झाला असता आणि मी चुकीचा आरोपी निघालो असतो, तरी मी त्याला नोटीस पाठवली नसती. तो त्याचा हक्क होता. ज्या दुकानदारांचे बियाणे खरोखर बोगस असते आणि जे शेतकऱ्याला बदनामीच्या खटल्याची भीती दाखवून गप्प करतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिलेले नाही. तसेच आपल्यावरील मजकूर हिशेब मागणारा असेल, आरोप करणारा नसेल, तर कोर्टात जाऊ नका, हिशेब द्या. मजकुरात घरातील स्त्रीचा फोटो वापरला असेल किंवा अश्लील काही असेल तर वरचे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी ठाण्यात जा, कारण ते गुन्हे वेगळे आहेत आणि त्यांची दखल पोलिसांना घ्यावी लागते.

शेवटी मंडळाचे. आपल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी घेतली होती का आणि उत्सवानंतर हिशेब सादर केला का, हे फिर्याद करण्यापूर्वी पाहून घ्या, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. पावतीपुस्तके, खर्चाची बिले आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत घालून आपल्या ताब्यात ठेवा. मागायला कोणीही आले, अगदी अध्यक्ष आले, तरी झेरॉक्स द्या आणि मूळ कागद आपल्या वकिलाच्या हाती पोहोचेपर्यंत सोडू नका.